बेचिराग : आपल्या राज्यातली उठलेली, उठवलेली आणि ओस पडलेली गावं

खाडीकाठ
गेल्या रविवारी आईला घेऊन बामणडोंगरीहून लोकलने बेलापूरला चाललो होतो. तरघर स्टेशन आलं. आईने पाटी वाचली आणि विचारलं, "हे तरघर गाव कुठल्या बाजूला?" मी विमानतळाच्या दिशेने हात केला आणि तसाच थांबलो. पाटी आहे, फलाट आहे, गाव नाही.

आम्ही राहतो तो उलवे नोड, म्हणजे नवी मुंबईतली नवी वसाहत. मूळ उलवे गाव इथलं नव्हेच. ते टेकडीच्या पायथ्याशी होतं, म्हणजे आताच्या विमानतळाच्या कुंपणाच्या आत. ती टेकडीही गेली. नव्वद मीटरच्या आसपास उंच होती, सुरुंग लावून सपाट केली. उलवे नदीचं पात्र वळवलं. ११६० हेक्टरच्या त्या प्रकल्पासाठी दहा गावं-पाडे उठले : चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचा ओवळा, वाघिवली, वाघिवलीवाडा, उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. पहिल्या दिवशी आमच्या सोसायटीची गच्ची माणसांनी भरली होती. मीही होतो, आणि मला मनापासून आनंद झाला होता. पण या दहा नावांपैकी चार नावंही मला तेव्हा सांगता आली नसती.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त तलाठी राहतात. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, जुन्या महसुली भाषेत अशा गावाला बेचिराग म्हणायचे. चिराग म्हणजे दिवा. गावाची हद्द असते, जमिनीचा सात-बारा असतो, पण संध्याकाळी दिवा लावायला घर नसतं, ते गाव बेचिराग. पुढे बोलण्यात त्याचं बेचिराख झालं आणि आपल्याला त्यात राख ऐकू यायला लागली. मूळ शब्दात जळणं नाही, फक्त न लागलेला दिवा आहे.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. म्हणून धागा काढतोय. आपल्या राज्यात ओस पडलेली, बुडालेली, गाडली गेलेली, हलवलेली गावं तुम्ही स्वतः पाहिली असतील किंवा तुमचं घर तिथलं असेल, तर लिहा. का उठलं, माणसं कुठे गेली, आता तिथे काय दिसतं. भुताखेतांच्या गोष्टी मात्र इथे नकोत.

चिमणपाखरू
वाचतेय. चांगला विषय. आमच्याकडे उजनीच्या पाण्यात पळसदेव आहे, दुष्काळी उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुनं देऊळ वर येतं. लोक बघायला जातात, फोटो काढतात. माझी आत्या मात्र जात नाही. ती म्हणते, देऊळ दिसलं म्हणजे धरणात पाणी नाही, आणि पाणी नसेल तर गाव बुडवलं कशाला?

भरतीओहोटी
मी कोंबडभुज्याचा. आता वहाळला राहतो.

पहिल्यांदा शब्दाबद्दल बोलतो. "ओस पडलं" म्हटलं की वाटतं, माणसं आपणहून निघून गेली आणि गाव मागे राहिलं. आमचं तसं नाही झालं. आमचं गाव उठवलं. शेवटची कुटुंबं निघेपर्यंत तिथे चुली पेटत होत्या, पोरं शाळेत जात होती, होड्या खाडीत जात होत्या. टेकडीला सुरुंग लागायचा तेव्हा भोंगा वाजायचा, मग भिंती हलायच्या. माझी मुलगी तेव्हा लहान होती. भोंगा वाजला की ती आपली आपण जाऊन फडताळातले काचेचे ग्लास धरून उभी राहायची. कोणी शिकवलं नव्हतं तिला.

जाताना काय न्यायचं यावरून घरात भांडणं झाली. भांडीकुंडी, कपाटं टेम्पोत गेली. वडिलांनी पुढच्या दाराची सागाची चौकट काढून घेतली. नवीन घराला ती बसत नव्हती, मिस्त्री म्हणाला मापं जुळत नाहीत, तेव्हा वडिलांनी भिंतीचं माप बदलायला लावलं. आईने तुळस नेली आणि अंगणातली एक घमेलं माती. गावदेवीला हलवायचं ठरलं त्या दिवशी गावातला एकही माणूस कामावर गेला नाही.

जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित जमीन, घरासाठी भूखंड, हे सगळं कागदावर आहे आणि पुष्कळ जणांना मिळालंही. आमच्या भूखंडाच्या कागदात एक नाव चुकलं होतं. ते दुरुस्त व्हायला तीन वर्षं गेली आणि तेवढा काळ आम्ही भाड्याच्या खोलीत काढला. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. मला जे राहून राहून आठवतं ते वेगळंच आहे. आमच्याकडे खाडीची वेळ कळायला घड्याळ लागत नव्हतं. पाणी वर येतंय की उतरतंय ते पहाटे अंथरुणातच कळायचं, वास बदलायचा. वहाळच्या घरात पहिल्या रात्री वडील दोनदा उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. काय झालं विचारलं तर म्हणाले, पाणी कुठवर आलंय ते कळत नाही.

मोडीवाचक
बेचिराग हा शब्द जुन्या कागदांत वारंवार येतो. दुष्काळ, स्वारी, रोगराई, जबर वसुली, यांतल्या कशानेही रयत परागंदा झाली की गाव बेचिराग पडे. पण त्या कागदांत त्याच्या जोडीला दुसराही शब्द येतो : कौल. उठलेल्या गावात रयत परत यावी म्हणून सरकार कौल देई. पहिली काही वर्षं सारा नाही किंवा अगदी थोडा, मग दरवर्षी थोडा थोडा चढता. त्या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. म्हणजे गाव ओस पडणं ही शेवटची अवस्था मानत नसत.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण खुद्द पुणं. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं उद्ध्वस्त केलं. गाढवांचा नांगर फिरवून तिथे पहार ठोकली, म्हणजे इथे पुन्हा वस्ती करू नये, अशी कथा आहे. पुढे जिजाऊ आणि बाल शिवाजीराजे तिथे आले, दादोजी कोंडदेवांच्या कारभारात गाव पुन्हा वसलं आणि सोन्याचा नांगर फिरवल्याचं परंपरा सांगते. आज लाखो माणसं राहतात ते शहर एके काळी बेचिराग होतं.

आपल्या ठाण्याच्या अंगणातलंही एक सांगतो. वसईचा किल्ला आपण किल्ला म्हणून बघतो. पण तटाच्या आत पोर्तुगीजांचं नांदतं शहर होतं : चर्च, मठ, चौक, घरं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि पुढच्या काळात ते शहर विरत गेलं. आज आत फिरताना छत नसलेल्या भिंती आणि वडाची मुळं दिसतात. त्याहून जुनं हवं असेल तर येऊरच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरी आहे. शंभरावर लेणी, बहुतेकींच्या दाराशी पाण्याचं टाकं, बसायला ओटा. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख. शेकडो वर्षं भिक्खू तिथे राहिले. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला काही पारशी प्रवासी तिथे येऊन गेले आणि १००९ आणि १०२१ साली पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेले. माणसं गेलेली जागा बघायला जाण्याची आपली हौस किती जुनी आहे ते तिथे कळतं.

पामबीच
वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माझे वडील १९७८ साली वाशीत राहायला आले. त्याआधी परळला दहा बाय बाराच्या खोलीत सात जण. या शहराने आमच्यासारख्या हजारो घरांना खिडकी असलेली खोली दिली. बंदर, रेल्वे, विमानतळ कुठेतरी व्हायलाच हवे होते. दर वेळी हळहळ करत बसलो तर काहीच उभं राहणार नाही. मोबदला नीट मिळाला पाहिजे हे शंभर टक्के मान्य. पण जुनं गाव जसंच्या तसं राहावं ही अपेक्षा मला पटत नाही.

भरतीओहोटी
पामबीच, राग नाही. विमानतळ नको असं मी कुठे म्हटलं? माझा पुतण्या तिथेच कामाला लागलाय आणि आम्ही पेढे वाटले.

पण तुमच्या खिडकीखालची जमीनही कोणाची तरी शेती नाहीतर मिठागर होती. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको १९७० ला स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या. त्या जमिनीला योग्य भाव आणि विकसित जमिनीतला वाटा मिळावा म्हणून दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबारात पाच शेतकरी गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचा जो नियम झाला तो त्या पाच जणांनी रक्त सांडल्यावर. आमच्याकडे दर जानेवारीला माणसं त्या पाच जणांना अभिवादन करायला उरणकडच्या जासईला जातात. तुमच्या घरी कोणाला हे माहीत आहे का, एवढंच विचारतो. तुम्हाला दोष देत नाही.

पामबीच
माहीत नव्हतं. १९८४ ला मी चौथीत होतो. एवढंच आठवतं की दोन दिवस वडिलांनी आम्हाला बाहेर खेळायला जाऊ दिलं नाही. का, ते कधी सांगितलं नाही. आज रात्री फोन करून विचारतो.

करंजाकिनारा
बंदराचा विषय निघाला म्हणून लिहिते. न्हावा शेवा बंदर १९८९ ला सुरू झालं. त्यासाठी शेवा गाव उठलं. त्यातल्या कोळ्यांना उरणजवळ बोरीपाखाडीला वसवलं, तो हनुमान कोळीवाडा. आणि त्या वस्तीला वाळवी लागली. घरात वाळवी लागते तशी नव्हे, अख्ख्या वस्तीला. दारं, वासे, कपाटं, देव्हारा, मुलांची दप्तरं, सगळं पोखरून गेलं. माझी मावशी तिथली. तिच्या लग्नातली लाकडी पेटी एक दिवस हात लावताच खाली बसली. आत साड्यांची माती झालेली. तिथल्या लोकांनी कित्येक वर्षं पुन्हा दुसरीकडे वसवा म्हणून मोर्चे काढले, बोटींनी समुद्रात अडवणूक केली.

एकदा उठवलेलं गाव दुसऱ्यांदा उठायला निघालं तर त्याला कोणता शब्द आहे, मोडीवाचक?

मोडीवाचक
माझ्याकडे नाही, ताई.

मुरबाडी
ठाणे-नवी मुंबईकरांनो, नळ सोडताना हेही लक्षात असू द्या. बारवी धरण. एमआयडीसीचं. त्याचं पाणी कारखान्यांना जातं आणि ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, उल्हासनगर या शहरांनाही. शहरं वाढली, पाणी कमी पडायला लागलं, म्हणून धरणाची उंची वाढवली. भिंत आधी वाढली, गावं नंतर हलली. काचकोली, तोंडली, कोळेवडखळ, मोहघर ही नावं तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलीयत? ऑगस्ट २०१९ च्या पावसात धरण पहिल्यांदा ७२.६० मीटरच्या नव्या पातळीपर्यंत भरलं.

मी त्या पावसात तोंडलीच्या बाजूला होतो, माझ्या बहिणीचं सासर. पाणी ओढ्यासारखं धावत येत नाही. ते शेतात उभं राहतं. सकाळी बांधापाशी, दुपारी उकिरड्यापाशी, संध्याकाळी गोठ्याच्या उंबऱ्याला. लोक गुरं सोडवत होते आणि एक म्हातारा भोपळ्याच्या वेलाचे भोपळे तोडत होता, लहान-मोठे सगळे, कोवळेसुद्धा. म्हटलं बाबा राहू द्या. म्हणाला, पाण्याला कशाला ठेवू?

प्रकल्पग्रस्तांच्या घरटी एकाला पाणी घेणाऱ्या महापालिकांत आणि एमआयडीसीत नोकरी, असं ठरलं आणि बऱ्याच पोरांना ती मिळालीही. माझा भाचा रोज बदलापूरहून लोकलने कामाला जातो. चांगलं आहे. पण आता त्याला भाताची रोपं किती दिवसांची झाली की लावणी करायची ते सांगता येत नाही, आणि बहिणीला त्याचंच वाईट वाटतं.

घाटवाट
मी ऐरोलीचा, पंधरा वर्षं सह्याद्रीत भटकतोय. हा प्रतिसाद लिहायला मला दोन दिवस लागले.

इर्शाळगडाला जायचं तर चौकजवळच्या नानिवलीतून पायवाट वर चढते. खाली मोरब्याचं धरण पसरलेलं दिसतं, नवी मुंबईच्या पाण्याचं. तास-सव्वा तास चढलं की सुळक्याच्या पायथ्याशी इर्शाळवाडी लागायची. ठाकर आदिवासींची वाडी. गाडीरस्ता नाही. पावसाळ्यात आम्ही भिजून वर पोचलो की एका घराच्या पडवीत बसायचो. काळा चहा मिळायचा, आधी सांगितलं असेल तर नाचणीची भाकरी आणि पिठलं. त्या घरातला मुलगा आमच्या पोरांना सुळक्याच्या नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत, घेऊन जायचा. चपला न घालता.

१९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा भाग वाडीवर आला. वाडीत २२८ माणसं होती. रस्ता नसल्याने यंत्रं वर चढेनात, बचावाची पथकं अंधारात, चिखलातून चालत गेली, आणि माणसांनी कुदळ-फावड्याने माती उपसली. चार दिवसांनी शोध थांबवला. २७ मृतदेह सापडले. ५७ जण सापडलेच नाहीत, त्यांना मृत धरलं. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं.

नऊ वर्षं आधी, ३० जुलै २०१४ ला, आंबेगाव तालुक्यातलं माळीण असंच गेलं. १५१ माणसं. तिथे तर बाहेरच्या जगाला पहिली खबर एसटीच्या चालकाकडून लागली. तो नेहमीच्या रस्त्याने सकाळी आला आणि त्याला गाव दिसेना. त्यानंतर महाडचं तळिये, जुलै २०२१. तीनही जुलैमध्ये. आता जुलै आला की आमच्या गटाने उंचावरच्या वाड्यांत मुक्काम करणं बंद केलंय. त्याऐवजी त्या आठवड्यांत आम्ही ओळखीच्या वाड्यांना फोन करतो : डोंगराला भेगा दिसतात का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालंय का, झाडं कलली आहेत का. एवढं तर बाहेरच्या माणसालाही विचारता येतं.

वाचलेल्या कुटुंबांसाठी चौकजवळ सिडकोने नवीन घरं बांधली. मी तिथे गेलो होतो. घरं पक्की आहेत, रस्ता दारापर्यंत येतो. वरच्या जागेवर मात्र मी गेलेलो नाही, आणि गट घेऊन जाणाऱ्यांनाही विनंती आहे, तिथे जाऊ नका. काही जणांनी "शापित गाव" वगैरे मथळे देऊन व्हिडिओ काढलेत. ती सत्तावन्न माणसं अजून तिथेच आहेत. ते स्मशान आहे. स्मशानात आपण कसे वागतो तसंच वागायला हवं.

खाडीकाठ
घाटवाट, लिहिलंत ते बरं केलंत. धाग्यात भुताखेतांच्या गोष्टी नकोत असं मी लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात फक्त धागा भरकटू नये एवढंच होतं. तुम्ही लिहिलेलं वाचून त्याचं खरं कारण कळलं.

तेरणाकाठ
मी कळव्याची, माहेर किल्लारीजवळचं. १९९३ ला नऊ वर्षांची होते.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. रात्री उशिरापर्यंत गणपती चालले होते, माणसं दमून झोपलेली. ३० सप्टेंबर, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आमची घरं माळवदाची. म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहतं, म्हणून सगळ्यांची तशीच. त्या पहाटे तेच डोक्यावर आलं. भूकंप ६.२ चा होता, जगात त्याहून मोठे कितीतरी झालेत, पण अशा घरांत झोपलेल्या माणसांवर तो झाला. जवळजवळ आठ हजार माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. आमच्या घरातले आजोबा आणि धाकटा भाऊ.

नंतर बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. नवीन गावात रस्ते रुंद, सरळ, घरं रांगेत, अंतर राखून. दुसरा भूकंप आला तर भिंत कोणावर पडू नये म्हणून. विचार चांगलाच होता. पण आई सांगायची, पहिली दोन-तीन वर्षं बायका घर चुकायच्या. जुन्या गावात कोणाच्या घरी जायचं तर बोळ, ओटा, कोपऱ्यावरचा पार, अशा खुणा. नव्या गावात सगळी घरं एकसारखी. आणि शेजार तुटला. पूर्वी भिंतीला भिंत होती, भिंतीवरून कालवणाची वाटी जायची. आता मध्ये मोकळी जागा. भावकी एका टोकाला, आम्ही दुसऱ्या टोकाला.

जुन्या गावात अजून दगडांचे ढीग आहेत, त्यावर बाभळी वाढल्यात. लग्नानंतर नवऱ्याला घेऊन गेले होते. आमचं घर कुठे होतं ते मला सापडलं नाही. आडावरून सापडेल असं वाटलं होतं, पण आड बुजलेला. मग मी देवळापासून पावलं मोजत आले. लहानपणी एकशे दहा पावलं होती. आता माझी पावलं मोठी झालीत हे लक्षातच आलं नाही, पुढे निघून गेले. परत देवळापाशी गेले आणि लहान लहान पावलं टाकत आले. एकशे दहाव्या पावलाला थांबले. नवरा काही बोलला नाही, बाजूला उभा राहिला.

चिमणपाखरू
ताई...

लांजेकर
दिव्यात राहतो, गाव लांजा तालुक्यात. आमच्याकडे ना धरण, ना दरड, ना भूकंप. आमच्या वाड्या अशाच रिकाम्या होतायत.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली आणि सिंधुदुर्गाचीही कमी झाली. ती माणसं कुठे गेली ते दिवा स्टेशनवर गणपतीच्या आधी चार दिवस उभं राहून बघा. सावंतवाडीच्या गाडीला खिडकीतून पोरं आत टाकतात.

आमच्या वाडीत अठरा घरं. बारा महिने उघडी राहणारी चार. बाकीची गणपतीत आणि शिमग्याला उघडतात. कौलारू घर बंद ठेवलं की किती दिवस टिकतं? एक कौल सरकतं, माकडं आणखी चार सरकवतात, पावसाचं पाणी वाशावर पडतं, वाळवी लागते, आणि तिसऱ्या पावसात आढं बसतं. चिऱ्याच्या भिंती तेवढ्या उभ्या राहतात, आत रान. घरात माणूस असेल तर हेच घर शंभर वर्षं टिकतं, कारण चुलीचा धूर रोज लाकडाला लागतो. धुराने लाकूड राहतं हे आजी सांगायची ते मला घर पडल्यावर कळलं.

गेल्या शिमग्याला पालखी आमच्या वाडीत आली तेव्हा प्रश्न पडला की बंद घरासमोर पालखी थांबवायची की नाही. जुन्या मानकऱ्यांनी ठरवलं, थांबवायची. कुलूप असलेल्या प्रत्येक दारासमोर पालखी उभी राहिली, नारळ ठेवला, त्या घरच्या माणसांची नावं घेऊन गाऱ्हाणं घातलं. मी खांदा दिला होता. एका दारापुढे गाऱ्हाणं घालताना नावं आठवेनात, मग मुंबईला फोन लावला आणि पलीकडून त्या घरच्या सुनेने एकेक नाव सांगितलं. पालखी तोपर्यंत थांबली.

मुरबाडी
आणखी काही नावं नुसती लिहून ठेवतो, कोणाला माहिती असेल तर भर घाला. पालघरकडे पोफरण आणि अक्करपट्टी, तारापूरच्या नव्या अणुभट्ट्यांसाठी उठली. पेण तालुक्यातली गणेशपट्टी : खारेपाटात समुद्राकडचा बाहेरकाठा, म्हणजे भरती अडवणारा बांध, फुटला, भरतीचं पाणी भातशेतीत शिरत राहिलं, जमीन खारी झाली आणि माणसं हळूहळू निघाली. कोयनेची तर किती. १९६४ ला धरण झालं, तिथली माणसं पार रायगड-ठाण्यापर्यंत येऊन वसली. तळोज्याजवळ कोयनावेळे आहे ना? नावात नदी घेऊन आलेलं गाव.

घाटवाट
जावळी-कोयनेच्या खोऱ्यात जंगलात अचानक आंबा-फणसाची रांग, एखादं जोतं, पायऱ्यांची विहीर लागते. रानात फणस सरळ ओळीत उगवत नाही. ओळ दिसली की समजायचं, इथे परसू होतं.

पामबीच
वडिलांना फोन केला. ऐंशी वर्षांचे आहेत. म्हणाले, त्या दोन दिवसांत आमच्याकडे दूध घालणारा गवळी आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याने दूध मापलं आणि काही न बोलता उंबऱ्यावर बसून राहिला. गोळीबारात त्याच्या नात्यातला माणूस गेला होता. वडील म्हणाले, "त्याला पाणी दिलं, पण काय बोलावं ते सुचलं नाही, आणि मग तुम्हाला तरी काय सांगणार होतो."

या सोळा जानेवारीला मी त्यांना जासईला घेऊन जाणार आहे. भरतीओहोटी, कुठे यायचं आणि कितीला ते कळवा.

भरतीओहोटी
नक्की कळवतो. या. जेवायला घरी या.

खाडीकाठ
एक काम सुचतंय. जमिनीचे जुने गावनकाशे मिळतात, सर्व्हे नंबर मिळतात. पण शेतांना, बांधांना, वाटांना, पाणवठ्यांना लोकांनी दिलेली नावं कुठल्याच नकाशात नाहीत. ती फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहेत. तुमच्या उठलेल्या गावातली अशी नावं विचारून इथे लिहाल का? कशीही, जशी सांगतील तशी. मी एका जागी नीट लिहून ठेवीन.

भरतीओहोटी
आज जेवणं झाल्यावर आईला विचारलं. पहिल्यांदा म्हणाली, आता कशाला. मग मीच एक-दोन चुकीची सांगितली, तशी तिला राहवेना.

तिने सांगितलेली अशी : मोठा खार. धाकटा खार. चिंचेखालची. बारा कोणाची ती. उघाडीजवळची (उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार), जिथे भरतीला चिंबोऱ्या मिळायच्या. म्हशीचं डबकं. शिलोटीची वाट. नवरीचा बांध, कारण वरात त्यावरून यायची. आणि गावदेवीमागची, तिथे कोणी नांगर घालत नव्हतं.

मी विचारलं, संध्याकाळी दिवा आधी कोणाकडे लागायचा? ती म्हणाली, "पयला गावदेवीचे देवलान, मंग आपले घरान."

दोन नावं तिला आठवत नाहीत, खाडीच्या तोंडाशी होती ती. तिची चुलतबहीण करंजाड्याला राहते, तिला ठाऊक असतील म्हणते. रविवारी घेऊन जातो तिला. बाकीची त्या दिवशी लिहितो.